दोघींनी जायचं

आज पहिल्यांदाच आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीबरोबर, म्हणजे गरजूंच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या कॅथलिक गटाबरोबर, घरभेटीला गेले. इतकी वर्षं रविवारची मिस्सा झाली की घर गाठायचं, एवढंच माझं चर्च होतं. गायनवृंद, युवकांचा गट, महिला मंडळ... नावं फक्त सूचनांमध्ये ऐकलेली.

भेटीला एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं, हा सोसायटीचा जुना शिरस्ता. माझ्यासोबतच्या काकू बरीच वर्षं हे काम करताहेत. ज्यांना भेटायला गेलो त्या आजींच्या दारात काकू हळूच म्हणाल्या, "पिशवी बाजूला ठेव, आधी बस." पाऊण तास बसलो. आजी गुडघ्यांबद्दल, गेलेल्या नवऱ्याबद्दल, दूर राहणाऱ्या मुलाबद्दल बोलत राहिल्या. मी जेमतेम चार वाक्यं बोलले असेन. निघताना त्यांनी माझा हात धरूनच ठेवला. "पुढच्या रविवारी तूच येशील ना?"

परतताना काकूंनी सोसायटीची गोष्ट सांगितली. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. ओझानम तेव्हा अवघा २० वर्षांचा! गरिबांच्या घरी कसं जायचं, हे त्यांना सिस्टर रोझाली रेंड्यू यांनी दाखवलं. (हे मला फार भावलं. त्यांनाही कुणीतरी बोट धरून नेलं होतं.) १९२१ मध्ये डब्लिनला सुरू झालेल्या लिजन ऑफ मेरी या कॅथलिक संघटनेचे सदस्यही असेच जोडीने जातात, फक्त ते पैसे किंवा वस्तू देत नाहीत.

आजींना हो म्हटलंय. रविवारी काकू फाटकाशी थांबणार आहेत.