स्वस्त सुट्या भागांची सत्तर सीसी चेनसॉ: जुळवणीआधी काय काय बाजूला काढायचं

हुस्कवार्ना ३७२ एक्सपीच्या धर्तीवरचं चिनी किट आलं की पहिलं काम जुळवणीचं नाही, निवडीचं आहे. सगळे भाग चादरीवर मांडा आणि दोन ढीग करा. पहिल्या ढिगात क्रँककेस, टाकी-हँडल, कव्हर, स्टार्टर, मफलर, क्लच, सिलिंडर. हे भाग बहुतेक वेळा चालतात. दुसऱ्या ढिगात क्रँकची बेअरिंग, दोन्ही ऑइल सील, पिस्टन पिनचे सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या), पेट्रोलची नळी, प्लग, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी हलकी जावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा) आणि किटमधले सगळे स्क्रू. हा ढीग डब्यात भरून ठेवा, मशीनला लावू नका. स्वस्तातली चेनसॉ जाम होते ती या दुसऱ्या ढिगामुळेच. सिलिंडर-पिस्टन जळतात ते नंतर, परिणाम म्हणून.

मॉडेल निवडताना एक घोळ टाळा. जुन्या ३७२ एक्सपीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३६ मिमी, म्हणजे ७०.७ सीसी. त्याच नावाची पुढची एक्स-टॉर्क आवृत्ती वेगळी आहे. तिचा सिलिंडर, कार्बोरेटर, इनटेक जुन्याला बसत नाही. जुन्या ३६५चा बोअर ४८ मिमी, पण स्ट्रोक तोच, त्यामुळे बरेच भाग अदलाबदल होतात. ऑर्डर देताना बोअर मिमीमध्ये लिहून विचारा, नुसतं ‘३७२’ म्हणू नका. आणि काटोल-नरखेडकडची वाळलेली संत्र्याची बाग काढायची असेल तर सत्तर सीसीचा सोस कशाला? ४५ सीसीत ते काम होतं आणि खांदाही वाचतो. हे मशीन चिंच, बाभूळ, सागाच्या जाड ओंडक्यांसाठी आहे.

बेअरिंग घेताना किटमधल्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा आणि नागपुरातल्या कुठल्याही चांगल्या बेअरिंगवाल्याकडून तोच नंबर, नामांकित कंपनीचा, सी-३ क्लिअरन्सचा, म्हणजे आत जरा जास्त मोकळीक असलेला, मागा. साधा क्लिअरन्स घेतला तर इंजिन तापल्यावर बेअरिंग आवळतं. दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेलं बेअरिंगही नको, कारण क्रँककेसमधलं तेलमिश्रित पेट्रोलच त्याचं वंगण असतं.

क्रँककेस (पुढे नुसतं केस) मॅग्नेशियमच्या ओतीवाची. प्रत्येक भोकात आधी एम-५चा टॅप हाताने फिरवून कचरा काढा, कॉम्प्रेसरची हवा मारा. केस दोन अर्ध्यांची असते. मग तिचा एकेक अर्धा ११० ते १२० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे. मे महिन्यात गच्चीवर ठेवून हे काम होणार नाही, हीट गन किंवा ओव्हनच लागतं. बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं असेल तर ते आपसूक जागेवर बसतं. हातोडीने ठोकलेलं बेअरिंग पुढे कधी ना कधी गुणगुणतंच. क्रँकही तसाच: केस गरम, क्रँक थंड. दोन अर्धे जोडताना स्क्रूने ओढून जवळ आणू नका. हाताने दाबून मिटले पाहिजेत. मिटत नसतील तर काहीतरी तिरपं आहे. स्क्रू ८.८ ग्रेडचे किंवा वरचे घ्या, ६ ते ८ न्यूटन-मीटरला आडव्या-तिरप्या क्रमाने आवळा. नंतर क्रँकच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या हातोडीने हलकेच टकटक करा, बेअरिंगवरचा बाजूचा ताण निघतो. क्रँक बोटाने फिरवून मध्येच अडकत नाही ना हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिलिंडर बसतो तिथे केसच्या गॅस्केटची वर आलेली कड ब्लेडने अगदी सपाट कापा. तिथला केसभर उंचवटा म्हणजे पुढच्या हवागळतीची हमीच.

सील बसवताना क्रँकच्या आट्यांवर सेलोटेप गुंडाळा आणि ओठांना ग्रीस लावा. टेप न लावल्यामुळे नवी सील पहिल्याच फेरीत कापली जातात, आणि ते कापलेलं बाहेरून दिसत नाही.

सिलिंडरचं काम वेळखाऊ आहे, पण सगळ्यात जास्त फायदा तिथेच मिळतो. आतला मुलामा कडक असतो, तो घासायचा नाही. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा मात्र स्वस्त सिलिंडरमध्ये धारदार असतात. बोट फिरवलं तर बोचतात. त्याच कडांत रिंग अडकून तुटते. बारीक डायमंड कानसेने आणि मग ४०० नंबरच्या पेपरने फक्त कडा गोल करा. ट्रान्सफर पोर्टमध्ये (क्रँककेसमधलं मिश्रण वर नेणाऱ्या वाटांमध्ये) ओतीवाची वाळू चिकटलेली असते, म्हणून आधी डिझेल, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा, शेवटी टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनच्या) तेलाचा हात. रिंग एकटी सिलिंडरमध्ये सरकवून टोकांमधली फट फिलर गेजने मोजा, ०.२ मिमीच्या आसपास ठीक. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. सर्क्लिप शेपूट नसलेले घ्या, आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नाही. पिस्टन वर-खाली धावतो, आडव्या तोंडाचं क्लिप त्या हिसक्यांनी मिटून खाचेतून सुटू शकतं. क्लिप लावताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर उडालेलं क्लिप शोधायला केस परत उघडावी लागेल.

सिलिंडर गॅस्केटसह तात्पुरता आवळून प्लगच्या भोकातून सोल्डरची जाड तार पिस्टन पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सारा, इंजिन वरच्या टोकावरून एकदा फिरवा आणि दबलेली तार व्हर्नियरने मोजा. पिस्टन आणि हेडमधली ही फट ०.५ ते ०.८ मिमी हवी. एक मिमीच्या वर असेल तर पातळ गॅस्केट लावा. ०.५च्या खाली कधीच नको, तापल्यावर पिस्टन हेडला टेकतो.

आता चाचणी, जी बहुतेक जण टाळतात. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून मफलर आवळा, इनटेकही तसंच बंद करा आणि प्लगच्या भोकातून हवा भरा. त्यासाठी महागडं उपकरण नको, जुनं घड्याळवालं बीपी मशीन पुरतं. त्यावरचे ३०० म्हणजे ०.४ बार. काटा अर्धा मिनिट तरी हलू नये. हलला तर साबणाचं पाणी सील, बेस, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह यांवर सोडा. बुडबुडे बहुधा त्या व्हॉल्व्हपाशीच दिसतील. तो काढून एम-१० बाय १चा बूच लावून टाका, दोरी ओढायला थोडं जड जाईल एवढंच. दाबासारखंच निर्वातही तपासा, ब्रेक ब्लीड करायच्या हातपंपाने. सीलचा ओठ दाबाला टिकतो आणि निर्वाताच्या ओढीला सुटतो, असं होतं.

फ्लायव्हील बसवण्याआधी क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक, दोन्ही थिनरने पुसा. तेलकट राहिलं तर फ्लायव्हील सरकतं, फ्लायव्हीलमधली ओतीव चावी कापली जाते आणि टायमिंग बिघडतं. मग ‘नवीन मशीन उलटा झटका मारतं’ अशी तक्रार सुरू. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये ०.३ मिमी अंतर, व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून आवळलं तरी चालतं. प्लग एनजीके बीपीएमआर ७ ए, फट ०.५ मिमी. क्लच उलट्या आट्यांचा असतो हे लक्षात असू द्या. सवयीने सोडायला जाल आणि आवळून बसाल.

पेट्रोल आता पंपावर इ-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, मिळतं. अशा मशीनचे मूळ उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणतात. किटमधली नळी त्यात काही आठवड्यांत फुगते किंवा चिरते, म्हणून व्हायटनची नळी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा टाकीत पेट्रोल ठेवून मशीन पावसाळाभर कोपऱ्यात उभं करू नका. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण चांगल्या टू-टी तेलाचं, लिटरला २५ मिली, म्हणजे १:४०. स्कूटरचं उरलेलं तेल इथे नको.

कार्बोरेटरचे एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) दोन्ही स्क्रू पूर्ण बंद करून एकेक फेरी उघडा. इंजिन गरम झाल्यावर एल फिरवून सर्वांत वेगवान आयडल शोधा, तिथून पाव फेरीपर्यंत उघडा, मग आयडल स्क्रूने मिनिटाला २७०० फेऱ्यांवर आणा. चेन थांबलेली हवी. एचचं कानाने कळतं: पूर्ण थ्रॉटलला, लाकडाबाहेर, आवाज किंचित फाटका पाहिजे आणि कापायला लागल्यावर स्वच्छ झाला पाहिजे. लाकडाबाहेरच आवाज शिट्टीसारखा गुळगुळीत झाला तर इंजिन कोरडं चाललंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. टॅकोमीटर असेल तर १३,५०० ही वरची मर्यादा, पण पहिल्या दोन-तीन टाक्या हजारभर खालीच ठेवा. मे महिन्यात ४५ अंशांत बसवलेली सेटिंग डिसेंबरच्या सकाळी चालत नाही. थंड हवा दाट असते, पेट्रोल कमी पडतं, एच थोडा उघडावा लागतो. हिवाळ्यातली पहिली कापणी याच कारणाने पिस्टन खाते.

वीस इंची बारला (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) ३/८ इंच पिच, ०.०५८ इंच गेज (खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी), ७२ ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) चेन. चेनवर काटकसर नको. सागातली सिलिका धार झपाट्याने खाते. गोल कानस ५.५ मिमीची, कोन ३० अंश, डेप्थ गेज (धारेपुढचा, कापाची खोली ठरवणारा उंचवटा) धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली. चेनब्रेक बार लावल्यावर लगेच तपासा, मशीन सुरू करण्याआधी. किटमधल्या ब्रेकचा पट्टा कधीकधी ड्रमवर नीट बसतच नाही. शहराच्या हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी आधी लागते. नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारातून आणलेल्या ओंडक्याला अर्थातच ती भानगड नाही.

पाच टाक्या झाल्या की मफलर काढून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहा. फक्त एक्झॉस्ट बाजूला उभे ओरखडे असतील तर मिश्रण कोरडं आहे किंवा हवा गळतेय, परत बीपी मशीन काढा. चहूबाजूंनी ओरखडे असतील तर तेलच कमी पडलंय. कडांवर यंत्राच्या बारीक रेषा अजून दिसत असतील तर एच स्क्रूला हात लावू नका.