ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे, वापरून घ्या

दसरा ते दिवाळी हे मधले वीसेक दिवस म्हणजे पाकिटाला भोकच. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते, गांधीनगरला होलसेलचा रेट मिळतो म्हणून चार कपडे आणायला गेलेला माणूस दहा घेऊन येतो आणि वर "केवढे वाचले" म्हणून गल्लीभर सांगतो, फोन उघडला की सेल. आणि नेमकं ह्याच दिवसांत घरामागचं परडं सगळ्यात जास्त देतं. जूनमध्ये लावलेलं सगळं एकदम काढणीला येतं, आणि त्यात हे ऊन, ज्याला सगळे ऑक्टोबर हीट म्हणून शिव्या घालतात. पाऊस मागं फिरलेला, आभाळ मोकळं, जमीन अजून ओली, त्यामुळं चिकचिक होते हे खरंय, पण वाळवणाला असलं ऊन परत थेट उन्हाळ्यात. आमच्या घरातली ह्या महिन्यातली निम्मी काटकसर ह्या उन्हाच्याच जिवावर चालते बघा.

परडं म्हणजे फार काही नाही, एका खोलीएवढी जागा आणि कंपाउंडची भिंत. भिंतीवर दोडका, घोसाळी, कारली, खाली अळू, कोपऱ्यात भोपळा मनाला येईल तिकडं पळत असतो. दोडक्याच्या शिरा टाकायच्या नाहीत, तीळ-खोबरं घालून परतून चटणी, हे सगळ्यांना माहीत असतंय. पण घोसाळ्याचं सांगते. सुरुवातीला कोवळी असतात तोवर भजी होतात, नंतर घरात कुणी तोंड लावत नाही. मग चार-पाच चांगली लांब घोसाळी वेलावरच सोडून द्यायची. हिरव्याची पिवळी होतात, पिवळ्याची तपकिरी, उचललं तर हाताला वजनच लागत नाही आणि हलवलं की आत बिया खुळखुळतात. टोक मोडून बिया झटकून घ्यायच्या, थोडा वेळ पाण्यात टाकलं की साल हातानं सोलून निघतं. आत राहते ती पांढरट जाळी, ती उन्हात कडकडीत वाळवून तीन तुकडे करायचे. पहिल्या आंघोळीला उटण्याबरोबर अंग घासायला एकदम भारी, आणि मऊ पडली की तीच भांडी घासायला. हीच जाळी मॉलमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून लूफा म्हणून विकतात, मी किंमत बघितली आणि ठेवून दिली.

तांबडा भोपळा काढताना देठ चांगला बोटभर ठेवून कापायचा, देठ मोडला की तिथनंच सडायला लागतो. नखानं टोचून बघायचं, साल टोचलं नाही म्हणजे झालाय. मग आठ-दहा दिवस उन्हात ठेवायचा, साल आणखी टणक होतं, आणि नंतर हवेशीर जागी एकाला एक न चिकटवता ठेवला की महिनोन्‌महिने टिकतो. निम्म्याच्या नवरात्रात गूळ घालून घाऱ्या, निम्मे माळ्यावर.

झेंडू विकत आणायचा आम्ही बंद केलाय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षीच्या तोरणातली फुलं वाळवून डब्यात ठेवायची, जुलैच्या शेवटी चुरून मातीत टाकायची, दोनेक महिन्यांत फूल येतं. बाजारातलं फूल बहुतेक हायब्रीड असतं त्यामुळं त्याच्या बियांची फुलं बारीक येतात, एवढं चालवून घ्यायचं. दाराला काय फरक पडतोय.

आता कपडे. घटस्थापनेच्या आधी घरातलं झाडून सगळं धुणं काढायचं ही आपल्याकडची रीत, अजूनही लोक टेम्पो भरून पंचगंगेवर जातात, रंकाळ्याच्या धुण्याच्या चावीवर (कपडे धुवायची जागा) जातात. आमच्या आत्ती (म्हणजे सासूबाई) वाकळा मशीनमध्ये घालू देत नाहीत. "मशिनीला काय कळतंय, मी धुतो, तू नुसती पिळायला ये," म्हणतात आणि पिळून पिळून माझे हात जातात. पण ह्या धुण्याचा खरा फायदा वेगळाच, कपाटं रिकामी होतात आणि आपल्याकडं काय काय आहे ते दिसतं. दिवाळीची खरेदी ह्याच्या आधी करणं म्हणजे वेडेपणा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर निघालेल्या ढिगातनं चांगलं धड असेल ते धुऊन इस्त्री करून दिवाळीच्या तोंडावर सीपीआर हॉस्पिटलच्या चौकात माणुसकीची भिंत लागते (नको ते तिथं ठेवायचं, लागेल त्यानं न्यायचं) तिथं द्यायचं. भांडीवालीला मी फारसं देत नाही, चार साड्या घेऊन एक पातेलं देते आणि त्यावर पुन्हा अर्धा तास घासाघीस. जुन्या इरकलीचं अंग फाटलं तरी काठ-पदर तसाच असतो, त्याचं ब्लाउज नाहीतर पोरींना परकराला काठ. आणि सुती साड्या वाकळेला. वाकळेत सुतीच पाहिजे, सिंथेटिक घातली तर थर सरकतात आणि अंगाखाली गरम होतं. चार-पाच थर एकावर एक ताणून अंथरायचे, कडेनं सुरुवात करून धावदोरा घालत घालत चौकोनातनं आत आत मध्यापर्यंत यायचं. आधी मधनंच सुरुवात केली तर कडेला झोळ येतो. दुपारी ऊन उतरलं की आत्ती आणि शेजारच्या काकू दारात बसतात, मी अधनंमधनं चार टाके घालते आणि ते आत्ती उसवून परत घालतात.

भाची इंजिनिअरिंगला आहे, ती इन्स्टावरच्या थ्रिफ्ट पेजवरनं वापरलेले कपडे घेते आणि कॉलेजात मिरवते पण. आत्तींना पहिल्यांदा "दुसऱ्याचं घातलेलं?" असं झालं, मी म्हटलं आम्ही काय जावांच्या साड्या नेसलो नाही का. फक्त घेताना साइजच्या आकड्यावर जायचं नाही, छाती आणि लांबी टेपनं मोजून मागायची, काखेचा आणि कोपराचा फोटो मागायचा, आणि कुरिअरचे पैसे धरून हिशेब करायचा, नाहीतर नव्याच्या भावात जुनं पडतं. घरी आल्यावर आतल्या शिवणीतला एक दोरा काडीवर धरायचा. सूत असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून टणक गोळी होते. शिवणीचा दोरा वेगळा असू शकतो म्हणून शक्यतो कापडाचाच काढायचा.

ह्या सगळ्यात एकच गोष्ट उन्हात ठेवायची नाही, कोल्हापुरी चप्पल. पावसाळाभर कपाटात राहून बुरशी आलेली असते, ती कोरड्या फडक्यानं पुसायची, खोबरेल किंवा एरंडेल थोडं थोडं चोळायचं आणि सावलीत वारं लागेल असं ठेवायचं. उन्हात कातडं कडक होऊन तडकतं. तळ सुटला असेल तर चांभाराकडनं शिवून घ्या, गोंद लावून देतो म्हणाला तर नको म्हणा.

आणि हो, दुपारी तीननंतर वाळवण गच्चीवर सोडून गांधीनगरला जाऊ नका. परतीचा पाऊस सांगून येत नाही, नुसता गडगडतो आणि पाच मिनिटांत सगळं भिजवून जातो.