मिथेनॉल रिफॉर्मिंग: तांब्याचे नखरे

आज दिवसभर रिॲक्टरसमोर मुक्काम. बाहेर मुंबईचा पाऊस, आत कॉपर-झिंक ऑक्साइड-ॲल्युमिनाच्या गोळ्या. मिथेनॉल आणि वाफेपासून हायड्रोजन काढायला हा जुनाच कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) बरा. पॅलेडियमवाले जास्त टिकतात, पण परवडणार कोणाला?

खरी मेख रिडक्शनमध्ये, म्हणजे हायड्रोजनने कॉपर ऑक्साइडचं तांबं करण्यात. नायट्रोजनमध्ये जेमतेम २ ते ५ टक्के हायड्रोजन, तापमान मिनिटाला १ अंश सेल्सियसने २३० पर्यंत. या क्रियेत उष्णता सुटते. हायड्रोजन घाईने वाढवला की बेड, म्हणजे गोळ्यांचा थर, मधोमध भडकतो, ३०० च्या वर तांब्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि कॅटॅलिस्ट कामातून जातो. म्हणून थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीला नको, बेडमध्येच हवं.

१०० मिलि मिथेनॉलला साधारण ५८ मिलि डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी. नळाचं अजिबात नको, त्यातलं क्लोराइड म्हणजे तांब्याचा काळच. बेड १५० च्या वर गेल्याशिवाय हे मिश्रण, म्हणजे फीड, सोडायचं नाही. गोळ्यांवर पाणी साचलं तर भुगा होतो. मग २५० च्या आसपास चालवा. त्यापुढे कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि नेहमीच्या पेम फ्युएल सेलला (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या, पॉलिमरच्या पडद्याच्या सेलला) त्याचा ०.०१ टक्काही झेपत नाही.

बंद करताना आधी फीड थांबवा, मग नायट्रोजन सोडा. रिड्यूस झालेला कॅटॅलिस्ट थेट हवेत काढला तर पेट घेऊ शकतो.