पडणे आणि पाडणे

दुपारच्या सुस्तीत इंग्रजी-मराठी कोश उघडावा, तर 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' या चौघांपुढेही 'सांगणे, बोलणे' हेच आलटून पालटून छापलेलं. अर्थ देऊन कोशकार मोकळा झाला, पण गोम अर्थात नव्हतीच. ती क्रियापदापाठोपाठ काय येतं, त्यात असते. 'टेल'ला लगेच ऐकणारा माणूस हवा, 'से'ला बोललेले शब्द. म्हणून 'ही सेड मी' चूक आणि 'ही टोल्ड टू मी'ही चूक. (खरं, खोटं आणि घड्याळातली वेळ मात्र ऐकणाऱ्याचा उल्लेख न करताही 'टेल' करता येते. भाषेचे लाड!) चोरीतही तेच: 'स्टील' वस्तूला, 'रॉब' माणसाला किंवा बँकेला. 'माय वॉलेट वॉज रॉब्ड' म्हटलं की बिचाऱ्या पाकिटालाच कुणी अडवून लुटल्यासारखं वाटतं.

सगळ्यांत छळवादी जोडी 'लाय' आणि 'ले'. आडवं होणं ते 'लाय', आडवं ठेवणं ते 'ले'. इथवर ठीक. पण 'लाय'चा भूतकाळ 'ले', 'ले'चा 'लेड', आणि खोटं बोलण्याच्या 'लाय'चा 'लाइड'. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही इथे घसरतात. खरं तर मराठी माणसाला ही जोडी जड जायला नको. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे: आतला स्वर हलला की आपोआप होणारी क्रिया कुणीतरी करू लागतो. 'राइज-रेझ', 'सिट-सेट' या तशाच जुन्या जोड्या. झाड 'फॉल' होतं, लाकूडतोड्या ते 'फेल' करतो. पडतं, पाडतो. 'फॉल'चा भूतकाळही 'फेल'च आणि 'फेल'चा 'फेल्ड', हा मात्र निव्वळ चावटपणा.

'सी' आणि 'लुक'साठी तर दिसणे आणि बघणे घरातच आहेत. 'हिअर' आणि 'लिसन'साठी ऐकू येणे आणि ऐकणे. 'शर्ट घालतोय' म्हणजे 'पुटिंग ऑन', 'शर्ट घातलाय' म्हणजे 'वेअरिंग'. तिथे क्रियापद बदलतं, इथे नुसता प्रत्यय.

उलट बाजूने मराठी शिकणाऱ्याचे हाल बघा. बूट घालायचे, चष्मा लावायचा, शाल पांघरायची. त्याच्या कोशात तिन्हींपुढे 'वेअर' छापलेलं असणार. आता भोगा म्हणावं.