कळस आभाळात गेला

आज ड्रॉइंगच्या सरांसोबत मार्कंड्याच्या देवळाकडे चित्र काढायला गेलो होतो, वैनगंगेकाठी. सरांनी आयुष्यभर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची पोरं घडवली, स्वतःची जलरंगचित्रं मात्र पलंगाखालच्या ट्रंकेत. (त्यावर काकूंचं मत वेगळंच, जाऊ द्या.)

सर पांढरा रंग वापरतच नाहीत. नदीवरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. आपलं ऊन असं की आभाळाचा वॉश (पातळ रंगाचा हात) अर्ध्यातच वाळून डाग धरतो, म्हणून ते कागद आधी दोन्हीकडून भिजवतात. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली चित्रकार हळदणकरांची दिवा धरलेली बाई जलरंगातली आहे, हेही आजच कळलं. मी तैलचित्र समजत होतो!

मी घाईत ओल्यावरच कळस काढला. पार पसरला.

"वाळू दे ना बापा, कायले घाई करतं?"

मग त्याच डागाचा त्यांनी ढग केला.