साठ रुपयांची उधारी

बुधवार, रात्री साडेदहा

जर्मनीहून कायमची नाशिकला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "जमतंय ना इथे?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धूळ, हॉर्न आणि द्वारकेचा चौक असतो. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. सिंहस्थ 2027 मध्ये आहे, तेव्हा रस्ते आत्ता खोदलेलेच असणार. थंडीही ओळखीची. स्टुटगार्टला बाहेर बर्फ असला तरी घर उबदार असायचं. इथे पहाटे फरशीवर पाय टेकला की कळ थेट मस्तकात जाते. चालायचंच.

अडतंय ते भलतीकडेच.

आज आईबरोबर गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजाराला गेले. ओल्या गोणपाटावर मेथीच्या जुड्या, शेजारी हरभऱ्याचे डहाळे, आणि मावशी बोटांनी पाणी शिंपडत बसलेल्या. पिशवी भरल्यावर फोन काढला तर पैसे जाईनात. परदेशी असतानाचं एनआरई (अनिवासी) खातं साध्या खात्यात बदलायला दिलंय, ते बँकेत कुठेतरी लटकलंय. आईच्या बटव्यातही साठ रुपये कमीच.

"द्या हो पुढच्या बुधवारी, कुठं पळून चालल्या?" मावशी म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्यासुद्धा. नाव विचारलं नाही, नंबर विचारला नाही. वर मूठभर कोथिंबीर टाकली. आई खुशाल चालायला लागली. मी मात्र रविवार कारंजापर्यंत एटीएम शोधत होते. कुणाचं देणं अंगावर आहे या विचाराने अक्षरशः घाम फुटला होता.

जर्मनीत देणं म्हणजे पोस्टाने येणारं पत्र. टीव्ही असो नसो, दर घरामागे महिन्याला 18.36 युरो प्रसारणाचे, तारखेच्या आत भरले की विषय संपला. त्यात एक सुखच होतं, खोटं कशाला बोलू? शेजारीण अगदी भली बाई, पण इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींकडे वाटीभर साखर मागितली नाही. रविवारी दुकानं बंद असायची, साखर संपली तर सोमवारपर्यंत बिनसाखरेचा चहा प्यायचा. माझी तक्रार नव्हती. उलट आता वाटतं, कुणाचं काही लागायचं नाही याची मला चटकच लागली होती.

बँकेचं प्रकरण मजेशीर आहे. फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, त्याच्या हिशेबात कायमचं राहायला म्हणून परतलात की तुम्ही लगेच रहिवासी. एनआरई खातं बदला, परकीय चलन ठेवायचं असेल तर त्यासाठीचं वेगळं, आरएफसी नावाचं खातं उघडा. आयकराचं गणित निराळं. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलात तर परतल्यावरही साधारण दोन-तीन वर्षं अधलामधला दर्जा मिळतो, आणि तिकडच्या व्याजावर, भाड्यावर इथे कर लागत नाही. आयकरवाले माणसाच्या मनाचा इतका विचार करत असतील असं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी काकांकडून सुटे आणून ठेवले. आईला म्हटलं, बुधवारी आधी मावशींचे साठ रुपये टाकू, मग बाकीचा बाजार. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळे एकदम देऊन मोकळी होऊ नकोस. दहा-वीस राहू देत. म्हणजे कोवळी मेथी आपल्यासाठी बाजूला काढून ठेवते ती."