पोलंडच का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

स्टाफरूममध्ये, सोसायटीच्या जिन्यात, मामेबहिणीच्या लग्नात आणि परवा ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज देताना संस्थेच्या कार्यालयातही हेच ऐकलं: "एवढे पैसे घालायचे तर स्वित्झर्लंड करा, पॅरिस करा. पोलंड कशाला? आणि तिथं छळछावणी बघायची? आपल्याकडे इतिहास कमी आहे का?" दरवेळी काहीतरी अर्धवट बोलून मी विषय बदलते. आता एकदाच नीट सांगते.

आधी पैसे आणि घर, कारण खरा रोख तिथंच असतो. पोलंडला निघालेल्या आमच्या गटातले सगळे इतिहास शिकवणारे, आपापल्या खर्चानं चाललोय. संस्थेचा किंवा सरकारचा रुपया यात नाही. दिवाळीच्या सुट्टीत जातोय, त्यामुळे तास बुडणार नाहीत. लक्ष्मीपूजन घरी करून निघणार आहे. सासूबाईंचं औषधपाणी नवरा बघेल, तो ते एरवीही बघतोच. माझ्याजागी पुरुष असता तर हे विचारलं असतं का, एवढंच मनात येतं.

राहिला आपला इतिहास. दरवर्षी मी अकरावीच्या वर्गाला पंचवटीत काळाराम मंदिरापाशी नेते. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथं सत्याग्रह सुरू झाला, दरवाजे बंद केले गेले, वर्षानुवर्षं लढूनही प्रवेश मिळाला नाही, आणि 1935 साली आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. दारात उभं राहिल्यावर मुलं विचारतात, "मॅडम, आत जायला एवढंच अंतर होतं?" हा प्रश्न वर्गात कधी आलेला नाही. तेव्हा आपलं सोडून परक्यांचं बघायला निघाले, हे मला कुणी सांगू नये.

पण पोलंड का, याचं कारण एक वक्तृत्व स्पर्धा आहे.

विषय होता 'माझा आदर्श नेता'. शिवाजी महाराज झाले, सावित्रीबाई झाल्या, कलाम झाले. मग माझ्याच बारावीच्या वर्गातला एक मुलगा उठला आणि हिटलरवर बोलला. घरी कमावणारी एकटी आई, वाचनालयातलं पुस्तक वेळेवर परत करणारा, वर्गात सगळ्यांत जास्त वाचणारा मुलगा. शिस्त, राष्ट्रप्रेम, पडलेला देश उभा करणं. आवाज छान होता, हातवारे बेताचे. ज्यू हा शब्द त्याच्या भाषणात एकदाही आला नाही. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी त्याला दुसरा क्रमांक दिला आणि "विषयाची वेगळी निवड" म्हणून कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवला. पोलंडमधल्या आऊशवित्झच्या नाझी छळछावणीत सुमारे 11 लाख माणसं मारली गेली, त्यातले जवळपास 10 लाख ज्यू होते, हे फळ्यावर लिहिलं. गाडीतून उतरवलेल्या म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि त्यांच्या आयांना बहुधा त्याच दिवशी गॅस चेंबरमध्ये कसं नेत, ते सांगितलं. वर्ग गप्प होता. तो उठून उभा राहिला. उद्धटपणा नव्हता, हे मुद्दाम सांगते. म्हणाला, "मॅडम, हे जिंकलेल्यांनी लिहिलंय. हरलेल्यांवर काहीही लिहिता येतं. तुम्ही पाहिलंय का?"

मी म्हटलं, "नाही." मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. मी युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेला न्यूरेंबर्गचा खटला सांगितला, 27 जानेवारी 1945 ला सोव्हिएत सैन्य छावणीत पोचलं ते सांगितलं. "तेही जिंकलेलेच ना?" तो म्हणाला. घंटा झाली. मुलं डबे काढायला लागली आणि मी खडू हातात घेऊन उभी राहिले. त्याचा राग आला नाही. साधनांची चिकित्सा करा, लिहिणारा कोण ते आधी बघा, हे त्याला मीच शिकवलं होतं. ते हत्यार त्यानं माझ्याच धड्यावर चालवलं, आणि चुकीच्या माणसाला वाचवायला चालवलं. त्या रात्री झोप आली नाही.

त्याला द्यायचं उत्तर नंतर सापडलं. एमानुएल रिंगेलब्लूम हा वॉर्सातला इतिहासकार. शाळेत इतिहास शिकवायचा. 1940 साली नाझींनी तिथल्या ज्यूंना भिंतीआड कोंडल्यावर त्यानं माणसं जमवली आणि आतलं जगणं गुपचूप नोंदवायला सुरुवात केली. रोजनिश्या, रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, चॉकलेट-गोळ्यांचे कागद, मुलांचे निबंध. सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून जमिनीत पुरलं. पेट्या 1946 साली निघाल्या, दोन कॅन 1950 साली. तिसरा साठा अजून सापडलेला नाही. रिंगेलब्लूमला 1944 साली मारलं. हे जिंकलेल्यांनी लिहिलेलं नाही. मरणाऱ्यांनी लिहिलंय, आणि आपण मरणार हे कळत असताना लिहिलंय.

म्हणजे उत्तर नाशकात बसूनच मिळालं, मग जायचं कशाला? हे तुमच्याआधी मी स्वतःलाच विचारलंय. नोकरीला नवीन असताना मी ठामपणे म्हणायचे की इतिहासाला जागा लागत नाही, साधन लागतं. पानिपत न बघता पानिपत शिकवता येतं. ती तरुण बाई मला आजही खोडता येत नाही. आऊशवित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाऊचे गॅस चेंबर जाता जाता नाझींनीच सुरुंगानं उडवले, तिथं आता ढिगारे आहेत. ते बघून मला असं काय कळणार, जे कागदावर नाही? तिथं मला रडू आलं, तर ते रडू बारावीच्या वर्गात पुरावा म्हणून चालणार नाही. पण काळारामच्या दारातला तो प्रश्नही खरा आहे. दोन्ही एकदम कसं खरं असेल, मला सांगता येत नाही.

तयारीत माझ्याकडे वळिवड्याचा भाग आलाय. 1943 ते 1948 या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या या छावणीत राहिले. त्यामुळे "पोलंडचा आपल्याशी काय संबंध" याचं उत्तर माझ्याजवळ आहे, फक्त ते ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.

बाकी विमा, बँकेचं स्टेटमेंट, पत्रं चालू आहे. अडलंय ते एका अर्ध्या दिवसावर. रिंगेलब्लूमच्या त्या दुधाच्या कॅनपैकी एक वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत ठेवलाय. तो बघायला क्राकूवमधून लवकर निघावं लागेल, आणि गटातल्या बऱ्याच जणांना तेव्हा व्येलिच्काची मिठाची खाण बघायची आहे. शनिवारच्या बैठकीत मी पुन्हा मांडणार आहे. नाहीच ऐकलं, तर मी आदल्या रात्रीच्या रेल्वेनं एकटी पुढे जाईन. व्हिसाच्या अर्जातल्या कार्यक्रमात ते बसतं का, एवढं एजंटला विचारून ठेवलंय.